पोर्सेलीन व्हेनियर : दात उजळतात, पण घासलेले एनॅमल परत येत नाही

विसरवाडी (ता. नवापूर, जि. नंदुरबार) : दातांच्या सौंदर्याची चर्चा एकेकाळी मुंबई-पुण्यापुरती मर्यादित होती. नट-नट्यांनी दात घडवून घ्यावेत आणि इतरांनी ते पडद्यावर पाहावेत, असाच प्रघात होता. आता ती स्थिती राहिलेली नाही. सुरत-धुळे महामार्गावरील विसरवाडीसारख्या बाजारपेठेच्या गावातही हातातल्या मोबाइलवर ‘आठवडाभरात नवे हास्य’ अशा आशयाच्या जाहिराती येऊन पोहोचतात. एका बाजूला पिवळट, वेडेवाकडे, कडा झिजलेले दात आणि दुसऱ्या बाजूला मोत्यासारखी शुभ्र रांग, अशी दोन छायाचित्रे शेजारी-शेजारी असतात. मधल्या काळात नेमके काय केले जाते, हे मात्र जाहिरातीत सांगितलेले नसते. या उपचाराचे नाव ‘पोर्सेलीन व्हेनियर’.

लग्न जुळवताना, मुलाखतीला जाताना किंवा चारचौघांत बोलताना दातांमुळे संकोच वाटणारी माणसे थोडी नाहीत. हसताना तोंडावर हात किंवा पदर धरण्याची सवय लागलेल्या व्यक्तीला ‘हा केवळ शौक आहे’ असे म्हणून उडवून लावणे योग्य ठरणार नाही. तथापि, हा उपचार एकदा सुरू केला की मागे फिरता येत नाही. म्हणूनच त्याचे फायदे आणि तोटे तराजूच्या दोन्ही पारड्यांत टाकून पाहणे आवश्यक आहे.

व्हेनियर म्हणजे काय?

व्हेनियर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर कायमस्वरूपी चिकटवला जाणारा अत्यंत पातळ पापुद्रा. लाकडी फर्निचरवर सागाचा पातळ थर चिकटवतात, त्यालाही व्हेनियर असेच म्हणतात. दातावरचा पापुद्रा पोर्सेलीनचा, म्हणजे चिनी मातीच्या जातीतल्या काचेसारख्या पदार्थाचा असतो. त्याची जाडी साधारणपणे ०.३ ते ०.७ मिलिमीटर असते. संपूर्ण दात झाकणारी ‘कॅप’ आणि व्हेनियर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅपसाठी दात चारही बाजूंनी घासावा लागतो. व्हेनियरसाठी मुख्यतः पुढची बाजू आणि काही वेळा कड.

या उपचाराचे मूळ चित्रपटसृष्टीतच आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया येथील दंतवैद्य चार्ल्स पिंकस यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत हॉलिवूडच्या कलाकारांसाठी असे पापुद्रे तयार केले. ते केवळ चित्रीकरणापुरते बसवले जात आणि नंतर काढून ठेवले जात. कारण त्यांना दातावर कायमचे धरून ठेवणारा पदार्थच तेव्हा उपलब्ध नव्हता. १९५५ मध्ये मायकेल ब्युनोकोर यांनी दाताच्या एनॅमलवर आम्ल लावून त्याचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत केल्यास राळेसारखा पदार्थ त्यावर घट्ट बसतो, हे दाखवून दिले. पुढे १९८० च्या दशकाच्या आरंभी पोर्सेलीनची आतली बाजूही आम्लाने खडबडीत करण्याची पद्धत पुढे आली आणि चित्रीकरणापुरता असलेला पापुद्रा कायमचा झाला.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, व्हेनियरचे सारे बळ त्या चिकटण्यात आहे. पोर्सेलीनचा सुटा पापुद्रा बोटांच्या चिमटीतही तुटू शकतो. मजबूत एनॅमलला एकजीव चिकटल्यावर तोच वर्षानुवर्षे टिकतो.

काम कसे केले जाते?

पहिल्या भेटीत तपासणी, क्ष-किरण छायाचित्रे, दातांची मापे आणि रंगाची निवड होते. चांगले दंतवैद्य या टप्प्यावर मेणाचा नमुना करून भविष्यातील दात कसे दिसतील ते रुग्णाला दाखवतात. दुसऱ्या भेटीत दाताची पुढची बाजू घासली जाते. साधारणपणे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास एनॅमल काढले जाते. त्यानंतर माप घेऊन ते दंत प्रयोगशाळेकडे पाठवले जाते. व्हेनियर तयार होईपर्यंत तात्पुरती आवरणे बसवतात. पुढच्या भेटीत दातावर फॉस्फोरिक आम्ल लावून, धुऊन, कोरडे करून, चिकटद्रव्य लावले जाते आणि व्हेनियर बसवून निळ्या प्रकाशाने ते घट्ट केले जाते. या वेळी थुंकीचा थेंब जरी आत गेला तरी पकड कमकुवत होते. म्हणून या कामात घाई उपयोगाची नाही.

थोडक्यात, एका बैठकीत उरकण्याजोगे हे काम नाही. दोन ते तीन भेटी आणि मधले एक-दोन आठवडे गृहीत धरावे लागतात. ‘दात न घासता व्हेनियर’ हा प्रकारही अस्तित्वात आहे. मुळात लहान असलेल्या किंवा आत झुकलेल्या दातांवर तो चालतो. इतर दातांवर तसा पापुद्रा बसवल्यास दात जाड व पुढे आलेले दिसण्याची आणि हिरडीपाशी अन्न अडकण्याची शक्यता असते.

जमेची बाजू

पहिला फायदा दिसण्याचा. पोर्सेलीनमधून प्रकाश काही अंशी आरपार जातो, नैसर्गिक एनॅमलमधूनही तो तसाच जातो. त्यामुळे उत्तम रीतीने केलेले व्हेनियर खरा दातच वाटते. चहा, हळद, पान यांचे डाग चकचकीत पोर्सेलीनवर सहजासहजी बसत नाहीत.

दुसरा फायदा असा की, एकाच उपचारात अनेक दोष झाकता येतात. दाताचा बदललेला रंग, तुटलेली कड, दोन दातांमधील लहानशी फट, किंचित वाकडेपणा, जन्मतःच लहान असलेला दात, अशा तक्रारी एकत्र असतील तर व्हेनियर सोयीचे ठरते.

तिसरा फायदा कॅपशी तुलना केल्यावर लक्षात येतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एडेलहॉफ व सोरेन्सन यांच्या अभ्यासात वेगवेगळ्या उपचारांसाठी दाताचा किती भाग काढावा लागतो हे वजन करून मोजण्यात आले. दर्शनी भागातील पूर्ण कॅपसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागाचा ६३ ते ७२ टक्के हिस्सा जातो, तर व्हेनियरसाठी ३ ते ३० टक्के, असे त्यात आढळले. म्हणजे ज्या दाताला खरोखर आवरणाची गरज आहे, त्याच्यासाठी कॅपपेक्षा व्हेनियर पुष्कळच दयाळू उपचार आहे.

चौथा फायदा टिकाऊपणाचा. ऑस्ट्रियातील इन्सब्रूक येथे ३१८ व्हेनियरचा दीर्घकाळ पाठपुरावा करून २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध करण्यात आले. त्यानुसार पाच वर्षांनंतर सुमारे ९४ टक्के, दहा वर्षांनंतर सुमारे ९३ टक्के आणि वीस वर्षांनंतर सुमारे ८३ टक्के व्हेनियर टिकून राहण्याची शक्यता होती. हे आकडे निश्चितच आश्वासक आहेत. मात्र ते विद्यापीठाच्या रुग्णालयात, निवडक रुग्णांवर, काटेकोरपणे केलेल्या कामाचे आहेत. त्याच अभ्यासात झोपेत दात खाणाऱ्या व्यक्तींमध्ये व्हेनियर तुटण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या जास्त आढळले आणि धूम्रपान करणाऱ्यांच्या व्हेनियरच्या कडा अधिक काळवंडल्या.

वजाबाकीची बाजू

तोट्यांमध्ये पहिला आणि सर्वांत मोठा तोटा म्हणजे एनॅमलचा. एनॅमल हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. परंतु तो तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येता येताच नाहीशा होतात. हाड मोडले तर सांधते, त्वचा कापली तर भरून येते, नख पुन्हा वाढते. एनॅमल तसे वाढत नाही. पुढच्या दाताच्या मध्यभागी त्याची जाडी जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास आणि हिरडीजवळ तर त्याच्या निम्म्याहूनही कमी असते. त्यातून अर्धा मिलिमीटर काढणे म्हणजे काय, याचा विचार वाचकांनीच करावा. एकदा दात घासला की ‘नको, पूर्वीचेच बरे होते’ असे म्हणण्याची सोय उरत नाही. त्या दाताला आयुष्यभर कोणते ना कोणते आवरण लागणारच.

एनॅमल ओलांडून आतल्या डेंटीनपर्यंत घासले गेल्यास दुहेरी नुकसान होते. थंड-गरम पदार्थांनी दात शिवशिवतात आणि व्हेनियरची पकडही ढिली होते, कारण चिकटद्रव्य डेंटीनला एनॅमलइतके घट्ट धरत नाही. वाकडे दात केवळ घासून ‘सरळ’ करण्याचा मोह झाला की हेच घडते. काही वेळा दाताच्या गाभ्याला इजा होऊन रूट कॅनॉल करण्याची पाळी येते.

दुसरा तोटा दुरुस्तीचा. पोर्सेलीन दाब सोसते, पण वाकणे किंवा फटका सोसत नाही. कपचा उडाला तर तात्पुरती डागडुजी होते; बहुतेकदा संपूर्ण व्हेनियर घासून काढून नवे करावे लागते. डोकारे येथील आदिवासी सहकारी साखर कारखान्याच्या या परिसरात ऊस पुढच्या दातांनी सोलून खाण्याची सवय लहानपणापासून असते. त्याच दातांनी सुतळी तोडणे, बाटलीचे झाकण उघडणे, बोराची आठळी फोडणे हेही चालते. व्हेनियर बसवल्यावर या सर्व गोष्टी कायमच्या सोडाव्या लागतात.

तिसरा तोटा म्हणजे रंग बदलता येत नाही. पोर्सेलीनवर दात पांढरे करणाऱ्या औषधांचा परिणाम होत नाही. वयानुसार शेजारचे नैसर्गिक दात पिवळसर होत जातात, व्हेनियर मात्र पहिल्या दिवसाइतकेच पांढरे राहते. मग चार दात एका रंगाचे आणि बाकीचे दुसऱ्या, असा विजोडपणा दिसू लागतो.

चौथा, व्हेनियर किडत नसले तरी त्याच्या कडेखालचा दात किडतो. हिरडी खाली सरकली की पूर्वी झाकलेली सांधरेषा उघडी पडते आणि तिथे किटण साचते. व्हेनियर बसवले म्हणजे दात घासण्याची जबाबदारी संपली, हा समज चुकीचा आहे. उलट ती वाढते.

वयाचे गणितही येथेच मांडायला हवे. बाविसाव्या वर्षी सहा दातांवर व्हेनियर बसवणाऱ्या तरुणाला साठीपर्यंत ती दोन ते तीन वेळा बदलावी लागतील, असे धरून चालणे शहाणपणाचे. प्रत्येक वेळी जुने व्हेनियर काढताना खालचा दात थोडा आणखी झिजतो. कालांतराने व्हेनियरऐवजी कॅप बसवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. हा खर्च एकदाचा नव्हे, आयुष्यभराचा आहे.

विसरवाडीहून पाहिले तर

शहरातील रुग्णाला व्हेनियर निघाले तर तो संध्याकाळी दवाखान्यात जाऊन येतो. विसरवाडी, खांडबारा किंवा आसपासच्या पाड्यांवरील रुग्णाचे तसे नाही. ज्या दंतवैद्याने काम केले तो नंदुरबार, धुळे किंवा सुरतेला असेल तर प्रत्येक फेरीला एसटीचे भाडे आणि दिवसाची बुडालेली मजुरी असा दुहेरी भुर्दंड बसतो. नवापूर तालुक्यातून आणि एकूणच नंदुरबार जिल्ह्यातून अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातमध्ये काही महिने स्थलांतर करतात. अशा कुटुंबातील व्यक्तीने सहा महिन्यांनी तपासणीला यायचे कसे, हा प्रश्न उपचारापूर्वीच सोडवायला हवा.

आता पैशांचा हिशेब पाहू. दर शहरागणिक आणि दवाखान्यागणिक बदलतात. एका दाताला दहा हजार रुपये धरले, तर २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीची दैनंदिन मजुरी ३१२ रुपये होती. त्या हिशेबाने एक दात म्हणजे ३२ दिवसांची मजुरी. हसताना दिसणारे सहा दात करायचे म्हटले तर १९२ दिवसांची. केंद्राच्या रोजगार हमी कायद्याने वर्षाला हमी दिली होती ती १०० दिवसांची. केवळ सौंदर्यासाठी केलेले दंतोपचार सामान्यतः आरोग्य विम्यात बसत नाहीत, त्यामुळे संपूर्ण रक्कम खिशातूनच जाते. कर्ज काढून किंवा हप्त्यांवर हा उपचार घेणाऱ्यांनी हप्ते फिटण्याआधीच एखादे व्हेनियर तुटू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

जिल्ह्याची आणखी एक बाब आहे. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याच्या लोकसंख्येत आदिवासींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे आणि येथील आदिवासी समाजात सिकलसेल आजाराचे रुग्ण आढळतात. या रुग्णांमध्ये दात किडलेला नसतानाही गाभ्याचा रक्तपुरवठा खुंटून दात दुखू शकतो किंवा निकामी होऊ शकतो. जंतुसंसर्ग आणि शरीरावरचा ताण यांमुळे वेदनेचा झटका येण्याचीही भीती असते. म्हणून सिकलसेलचे कार्ड असेल तर ते दंतवैद्याला प्रथम दाखवावे. तपासणी झालेली नसेल तर ती आधी करून घ्यावी आणि मगच निरोगी दाताला हात लावू द्यावा.

डाग कशाचा, हे आधी ठरवा

अनेकांना व्हेनियरची गरजच नसते, कारण त्यांच्या दातांवरचे डाग वरवरचे असतात. तंबाखू, मिश्री, गुटखा, बिडी, चहा यांचे डाग दाताच्या पृष्ठभागावर आणि किटणावर बसतात. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखूचे सेवन करत होते. गुटख्यावर राज्यात जुलै २०१२ पासून बंदी आहे, पण दातांवर उमटलेला डाग सरकारी आदेशाने जात नाही. तो जातो किटण काढून दात स्वच्छ केल्याने. हे काम एका बैठकीत, व्हेनियरच्या तुलनेत अगदी अल्प खर्चात होते. शासकीय रुग्णालयांच्या दंत विभागांतही त्याची सोय असते. ‘किटण काढल्याने दात हलू लागतात’ ही भीती निराधार आहे. हिरडीच्या रोगाने आधीच सैल झालेले दात किटणाच्या आधाराने घट्ट भासत होते, इतकेच.

तंबाखू खाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तातडीने पाहावी. तोंड पूर्ण उघडत नसेल, तिखट लागताच आग होत असेल, गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन-तीन आठवडे न भरणारी जखम असेल, तर ती कर्करोगाची पूर्वसूचना असू शकते. अशा व्यक्तीने दात पांढरे करण्याचा विचार बाजूला ठेवून तोंडाची तपासणी करून घेणे हेच पहिले कर्तव्य होय.

डागांचा दुसरा प्रकार दाताच्या आत असतो. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या भागांत वाढलेल्या मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे ठिपके किंवा तपकिरी पट्टे येतात. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतील काही गावांना या फ्लोरोसिसने ग्रासले आहे. भारतीय मानकानुसार पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर कमाल १.५ मिलिग्रॅम चालेल. लहानपणी किंवा आईच्या गरोदरपणात टेट्रासायक्लिन हे औषध दिले गेले असल्यास दातांवर करड्या-पिवळ्या पट्ट्या उमटतात. मार लागून मेलेला एखादाच दात काळा पडतो. हे आतले डाग घासून जात नाहीत. त्यातही सौम्य फ्लोरोसिस इतर साध्या उपचारांनी फिका होतो. टेट्रासायक्लिनच्या गडद पट्ट्या, तीव्र फ्लोरोसिस, तुटलेल्या कडा, अशा वेळी व्हेनियरचा विचार खऱ्या अर्थाने रास्त ठरतो.

कोणी थांबावे?

अठरा वर्षांखालील मुलामुलींनी थांबावे. त्यांच्या दातांचा गाभा मोठा असतो आणि हिरड्या अजून स्थिरावत असतात. हिरड्यांतून रक्त येणाऱ्यांनी आणि किडलेले दात असलेल्यांनी आधी ते आजार बरे करून घ्यावेत. झोपेत दात खाणाऱ्यांनी व्हेनियर शक्यतो टाळावे. करायचेच झाल्यास रात्री दातांवर संरक्षक आवरण घालणे त्यांना आवश्यक असते. राखुंडी, कोळशाची पूड, मिश्री किंवा वीटकर घासून ज्यांचे एनॅमल आधीच झिजले आहे, त्यांच्या दातांवर व्हेनियरला धरायला पुरेसे एनॅमल उरले आहे का, हे तपासूनच निर्णय घ्यावा. तंबाखू सोडण्याची तयारी नसलेल्यांनी पैसे वाचवावेत, हेच उत्तम.

पर्याय कोणते?

साध्याकडून अवघडाकडे जावे, हा यातला सुवर्णनियम. प्रथम किटण काढणे व पॉलिश. त्यानंतर आवश्यकता भासल्यास दंतवैद्याच्या देखरेखीखाली दात पांढरे करण्याचा, म्हणजे ब्लीचिंगचा उपचार. यात दात घासला जात नाही. काही दिवस दात शिवशिवतात आणि परिणाम कालांतराने ओसरतो, पण दाताचे काही गमावत नाही. फ्लोरोसिसच्या उथळ डागांसाठी एनॅमलचा अगदी वरचा सूक्ष्म थर काढण्याची पद्धत उपयोगी पडते. दात वाकडे असतील तर तारा लावून ते सरळ करणे हा वेळखाऊ, पण प्रामाणिक मार्ग आहे.

तुटलेली कड किंवा फट यांसाठी कॉम्पोझिट हा दाताच्या रंगाचा पदार्थ दातावरच घडवून बसवता येतो. तो एका बैठकीत होतो, दात फारसा किंवा अजिबात घासावा लागत नाही आणि खर्चही कमी येतो. त्याची चमक काही वर्षांत उतरते, त्यावर डाग पडतात, कपचे उडतात. परंतु तो बिघडल्यास कोणताही प्रशिक्षित दंतवैद्य तालुक्याच्या ठिकाणीही दुरुस्त करू शकतो. दूरच्या शहरातील प्रयोगशाळेकडे पुन्हा माप पाठवण्याची गरज नसते. विसरवाडी परिसरातील बहुतेकांसाठी ही बाब पोर्सेलीनच्या चकाकीपेक्षा अधिक मोलाची आहे.

कमी खर्चात तज्ज्ञांचा सल्ला हवा असेल तर दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांचा पर्याय आहे. धुळे येथे दंत महाविद्यालय आहे. शासकीय दंत महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. तेथे वेळ अधिक लागतो, मात्र उपचार अनुभवी शिक्षकांच्या देखरेखीखाली होतात.

खुर्चीत बसण्यापूर्वी

उपचाराला होकार देण्यापूर्वी काही प्रश्न विचारण्यात संकोच करू नये. माझे दात नेमके कशामुळे असे दिसतात? व्हेनियरपेक्षा साधा उपाय का चालणार नाही? दात किती घासणार? खरोखर व्हेनियरच बसवणार की कॅप? हा शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. स्वस्त पॅकेजच्या ओढीने तुर्कस्तानात जाऊन आलेल्या कित्येक ब्रिटिश तरुणांना आपले निरोगी दात व्हेनियरऐवजी कॅपसाठी खुंटासारखे घासले गेल्याचे नंतर कळले आणि तेथील दंतवैद्यांच्या संघटनेला जाहीर इशारा द्यावा लागला. व्हेनियर निघाल्यास किंवा तुटल्यास काय, किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने, हेही लेखी घ्यावे.

दंतवैद्याची नोंदणी पाहावी. महाराष्ट्रातील दंतवैद्यांची नोंद महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे असते. सुरतेला जाणाऱ्यांनी गुजरातच्या परिषदेची नोंदणी तपासावी. ब्युटी पार्लरमध्ये, घरी येऊन किंवा बाजारात दात बसवून देणाऱ्यांपासून दूर राहावे. ऑनलाइन मागवलेले ‘चिकटवा आणि हसा’ छापाचे प्लास्टिकचे दात हे व्हेनियर नव्हेत.

पावती, क्ष-किरण छायाचित्रे आणि आधीची-नंतरची छायाचित्रे जपून ठेवावीत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालाने शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडेही दाद मागता येते. म्हणजे उपचार सुरतेला झाला असला, तरी विसरवाडीच्या रुग्णाने तक्रारीसाठी सुरतेचे हेलपाटे घातलेच पाहिजेत असे नाही.

निर्णय कोणी घ्यावा?

तीव्र फ्लोरोसिस, अपघातात तुटलेला पुढचा दात, औषधाने कायमचे काळवंडलेले दात, अशा कारणांनी ज्यांचे हसणे थांबले आहे, त्यांच्यासाठी पोर्सेलीन व्हेनियर हे वरदान ठरू शकते. त्यांनी ते अवश्य करावे, पण पुढील वीस वर्षांची देखभाल आणि किमान एकदा बदलण्याचा खर्च परवडेल याची खात्री करूनच. ज्यांचे दात निरोगी असून केवळ थोडे पिवळसर किंवा किंचित वाकडे आहेत, त्यांनी मात्र साध्या उपायांपासून सुरुवात करावी. मानवी दात मुळातच शुभ्र पांढरा नसतो. एनॅमलखालच्या डेंटीनचा पिवळसर रंग त्यातून डोकावतो आणि तेच निरोगी दाताचे लक्षण आहे.

लग्नाची तारीख पंधरा दिवसांवर आली आहे, म्हणून निरोगी दात घासून घेण्याचा निर्णय कोणी करू नये. दर पाहण्याआधी दाताचा दोष पाहावा, आणि दोषाआधी तोंडाचे आरोग्य. किटण काढून घेतल्यावर आणि महिनाभर नीट दात घासल्यावर पुन्हा एकदा आरशात पाहावे. तेव्हाही व्हेनियर हवेसे वाटले, तर तो विचार घाईचा नसेल. तोपर्यंत एनॅमल जिथे आहे तिथेच राहिलेले बरे.